चार वॅटची मर्यादा आणि आरशावरील अँटेना : अमेरिकेतील मालवाहू ट्रकवरील सीबी रेडिओचा एक दुर्लक्षित इतिहास

प्रस्तावना

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील अमेरिकन समाजजीवनाचा विचार करताना सिटिझन्स बँड, अर्थात सीबी रेडिओचा उल्लेख हमखास येतो. मात्र हा उल्लेख बहुधा ट्रकचालकांची सांकेतिक भाषा, त्यांनी धारण केलेली टोपणनावे आणि १९७५ मध्ये गाजलेले 'कॉन्व्हॉय' हे गाणे यांच्यापुरता मर्यादित राहतो. १९७६ मध्ये तत्कालीन राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी बेटी फोर्ड यांनीही 'फर्स्ट मामा' असे टोपणनाव घेतले होते, ही माहिती मोठ्या आवडीने सांगितली जाते. ज्या साधनामुळे चालकाचा आवाज केबिनबाहेर पडून पुढच्या वळणापलीकडील दुसऱ्या चालकापर्यंत पोहोचत असे, त्या अँटेनाकडे मात्र फारसे लक्ष दिले जात नाही. वास्तविक पाहता, सीबी संचाची शक्ती कायद्याने सर्वांना सारखीच ठरवून दिलेली होती. एका चालकाचा आवाज दूरवर जाई आणि दुसऱ्याचा जवळच विरून जाई, या तफावतीचे मुख्य कारण अँटेनाची बसवणूक आणि जुळवणी हेच होते. प्रस्तुत लेखात ट्रकवरील अँटेनाचे रूप कसे घडत गेले, याचा विचार केला आहे.

कायद्याची चौकट

दुसरे महायुद्ध संपत असताना १९४५ मध्ये फेडरल कम्युनिकेशन्स कमिशन, म्हणजेच एफसीसी, या अमेरिकन नियामक संस्थेने सामान्य नागरिकांसाठी रेडिओसेवेची कल्पना मांडली. प्रारंभी या सेवेला ४६० ते ४७० मेगाहर्ट्झ हा उच्च वारंवारितेचा पट्टा मिळाला. परंतु त्या काळच्या तंत्रज्ञानात असे संच स्वस्तात तयार करणे अवघड होते. १९५८ मध्ये हौशी रेडिओचालकांकडील ११ मीटरचा पट्टा काढून घेऊन २७ मेगाहर्ट्झच्या परिसरात २३ चॅनलची 'क्लास डी' सेवा सुरू करण्यात आली. आज ज्याला सीबी म्हणतात ती हीच.

या निर्णयाबरोबर दोन गोष्टी कायमच्या ठरून गेल्या. पहिली म्हणजे शक्तीची मर्यादा. सुरुवातीच्या नियमात प्रक्षेपकाच्या अंतिम टप्प्याला मिळणाऱ्या ५ वॅटवर बंधन होते. पुढे प्रत्यक्ष बाहेर पडणाऱ्या शक्तीसाठी ४ वॅट ही मर्यादा रूढ झाली. दुसरी गोष्ट म्हणजे तरंगलांबी. २७ मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे ११ मीटर असते. वाहनावरील साध्या उभ्या अँटेनाला तिचा एक चतुर्थांश, म्हणजे सुमारे पावणेतीन मीटर अथवा ९ फूट लांबी लागते. ४ वॅट हा माणसांनी केलेला नियम होता, ९ फूट हा निसर्गाचा. ट्रकवरील अँटेनाचा पुढचा सगळा इतिहास या दोहोंच्या कात्रीत घडला आहे.

आरशाचा दांडा

अमेरिकेतील बहुतेक राज्यांत मालवाहू वाहनाची उंची १३ फूट ६ इंचांपर्यंत मर्यादित असते आणि बंदिस्त ट्रेलर ही मर्यादा जवळजवळ पूर्ण वापरतात. मोटारगाडीच्या मागील बंपरवर ९ फुटांची पोलादी छडी बसवणे शक्य होते. ट्रकच्या मागे मात्र ट्रेलर असतो. केबिनच्या छतावर ती बसवावी तर पुलांना आणि माल चढवण्याच्या शेडच्या छताला अडणार. उरली ती जागा म्हणजे दोन्ही दारांबाहेरील मोठ्या आरशांचे धातूचे दांडे. दांडा तयार होता, खिडकीतून हात पोहोचत होता आणि तार दाराच्या फटीतून आत घेता येत होती. सोयीतून आलेली ही जागा पुढे ट्रकची ओळखच बनली.

परंतु जमिनीपासून सात-आठ फुटांवरच्या या दांड्यावर पूर्ण लांबीची छडी लावल्यास टोक १६ फुटांच्या वर जाते. म्हणून अँटेना आखूड करणे भाग पडले. आखूड छडीत तारेचे वेटोळे घालून तिची विद्युतीय लांबी भरून काढता येते. हे वेटोळे बुंध्याशी, मध्यभागी किंवा टोकाकडे असू शकते. टोकाकडे तार दाट गुंडाळलेल्या फायबरग्लासच्या तीन-चार फुटी छड्या ट्रकचालकांत विशेष लोकप्रिय झाल्या. त्यांत विद्युतप्रवाह छडीच्या अधिक मोठ्या भागात टिकून राहतो आणि प्रक्षेपण करणारा हा भाग केबिनच्या वर राहतो. या सोयीची किंमतही होती. आखूड अँटेनाची कार्यक्षमता कमी आणि ती ज्या वारंवारितांवर नीट चालते तो पट्टा अरुंद. लांब छडी थोडी चुकीची असली तरी चालून जाते. आखूड छडी चूक सहन करीत नाही. ट्रकचालकांना जुळवणीचे तंत्र शिकावे लागले ते यामुळेच.

१९७३ चा हिवाळा

हे तंत्र शिकण्याची निकड निर्माण झाली ती तेलसंकटामुळे. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी तेलबंदी जाहीर केल्यानंतर डिझेल महागले आणि अनेक पंपांवर ते मोजून मिळू लागले. स्वतःचा ट्रक कर्जाऊ घेऊन चालवणाऱ्या स्वतंत्र चालकांना मैलांच्या हिशोबाने मोबदला मिळत असे. डिसेंबर १९७३ मध्ये पेनसिल्व्हेनिया व ओहायो राज्यांत ट्रक आडवे लावून महामार्ग रोखण्यात आले आणि या आंदोलनाचा निरोप सीबीवरून पसरला. २ जानेवारी १९७४ रोजी ताशी ५५ मैलांच्या राष्ट्रीय वेगमर्यादेच्या कायद्यावर स्वाक्षरी झाली. मैलावर पोट असलेल्या माणसाचा वेग कमी होणे म्हणजे त्याची मजुरी कापली जाणे होय. पुढे कोठे पोलीस उभे आहेत, कोणत्या पंपावर डिझेल आहे, कोणते वजनकेंद्र उघडे आहे, धुक्यात कोठे अपघात झाला आहे, ही माहिती आता थेट कमाईशी व जिवाशी जोडली गेली.

अशा माहितीला वेळेचे बंधन असते. पोलिसांची गाडी दोन मैल अलीकडे असताना मिळालेली सूचना उपयोगाची; शेजारी पोहोचल्यावर मिळालेली निरुपयोगी. ताशी ५५ मैलांनी एकमेकांसमोरून येणाऱ्या दोन ट्रकमधील अंतर मिनिटाला सुमारे पावणेदोन मैलांनी घटते. म्हणजे अँटेनाने पल्ल्यात मिळवून दिलेला प्रत्येक जादा मैल बोलण्यासाठी अर्ध्या मिनिटाहून थोडा अधिक अवधी देत असे.

दोन अँटेनांचे कोडे

ट्रकच्या दोन्ही बाजूंना डोलणाऱ्या जोड अँटेना पाहून अनेकांना तो निव्वळ डौल वाटला. डौलाचा भाग त्यात नक्कीच होता. तथापि मूळ कारण तांत्रिक होते. एकाच आरशावर अँटेना असल्यास उंच ट्रेलर तिच्या मागील एका बाजूस आडोसा करतो. दोन्ही बाजूंना एकेक अँटेना लावून दोहोंना एकाच वेळी सारखीच शक्ती दिली, तर एकीची उणीव दुसरी भरून काढते. शिवाय दोन्ही अँटेनांमधील अंतर पाव तरंगलांबीच्या जवळपास, म्हणजे ९ फुटांच्या आसपास असेल, तर लहरी पुढे व मागे, म्हणजे रस्त्याच्या दिशेने एकमेकींना बळ देतात. आदर्श स्थितीत दोन्ही बगलांना पुढच्या-मागच्या तुलनेत निम्मीच शक्ती जाते. ट्रकच्या दोन आरशांमधील अंतर साधारण तेवढेच भरते, हा मोठाच योगायोग म्हणावा लागेल. लहान गाड्यांवर हौसेने लावलेल्या जोड अँटेनांना हा लाभ मिळत नसे.

दोन अँटेना एका संचाला जोडणे मात्र सोपे नव्हते. संच ५० ओहमच्या भारासाठी बनवलेला असतो. ५० ओहमच्या दोन अँटेना सरळ जोडल्या तर भार २५ ओहम होतो. त्यासाठी ७५ ओहमच्या दोन केबल वापरल्या जात आणि प्रत्येकीची लांबी पाव तरंगलांबीच्या विषम पटीत ठेवली जाई. अशी केबल ५० ओहमचे रूपांतर सुमारे ११२ ओहममध्ये करते आणि अशा दोन वाटा एकत्र आल्या की ५६ ओहम मिळतात, जे पुरेसे जवळ आहे. केबलमध्ये लहरीचा वेग मोकळ्या हवेतील वेगाच्या सुमारे दोन-तृतीयांश असल्याने पाऊण तरंगलांबीची केबल १८ फूट भरते. केबिनमधून दोन्ही आरशांपर्यंत पोहोचण्यास तीच सोयीची होती. 'केबल १८ फुटांचीच हवी' हा एकेरी अँटेनालाही सरसकट लावला जाणारा दंडक बहुधा येथूनच आला असावा. एका अँटेनाच्या बाबतीत त्याला तसा आधार नाही.

जुळवणीची विद्या

जुळवणीचे मोजमाप स्टँडिंग वेव्ह रेशो, म्हणजेच एसडब्ल्यूआर, या गुणोत्तराने होते. संचाकडून अँटेनाकडे गेलेल्या शक्तीपैकी किती परत फिरते हे त्यावरून कळते. गुणोत्तर दीड असेल तर ४ टक्के, दोन असेल तर ११ टक्के आणि तीन झाले की २५ टक्के शक्ती परत येते व संचाला धोका संभवतो. चालकाने पहिल्या आणि शेवटच्या चॅनलवर मापन करावे. पहिल्यावर आकडा जास्त आला तर अँटेना आखूड आहे, शेवटच्यावर जास्त आला तर लांब आहे, एवढे सूत्र पुरे होते. पोलादी छडी असेल तर ती थोडीथोडी कापावी लागे आणि कापलेले परत जोडता येत नसल्याने घाईचा दंड लगेच भरावा लागे. नंतरच्या छड्यांना टोकाशी फिरवता येणारा स्क्रू आला. जोड अँटेना असतील तर दोन्हींत सारखाच बदल करावा लागे. मापन मोकळ्या जागी, दारे बंद करून, शेजारी दुसरा ट्रक नसताना करावयाचे, कारण आजूबाजूचा धातूही अँटेनाचा भाग होऊन बसतो.

दोन्ही टोकांच्या चॅनलवर आकडा सारखाच वाईट येत असेल तर दोष लांबीत नसून बहुधा भूसंपर्कात असे. वाहनावरील उभी अँटेना ही अर्धीच असते. तिचा उरलेला अर्धा भाग म्हणजे ट्रकचे धातूचे शरीर. आरशाचा दांडा रबरी गुट्ट्यांवर, रंगाच्या थरावर किंवा फायबरग्लासच्या पत्र्यावर बसलेला असेल तर हा संबंधच तुटतो. रंग खरवडून दांड्यापासून चासीपर्यंत विणलेल्या तारेची पट्टी जोडणे हा त्यावरचा उपाय. हे काम स्वस्त होते, पण दिसत नव्हते. दुर्दैवाने अनेकांनी न दिसणारा दोष शोधण्याऐवजी बेकायदा शक्तिवर्धक विकत घेतले. १९७८ मध्ये एफसीसीने अशा प्रवर्धकांच्या उत्पादनावर व विक्रीवर कडक बंधने घातली, तरी ते नाहीसे झाले नाहीत. शक्तिवर्धकाने बोलणे दूर जाते, ऐकू येणे वाढत नाही. चांगली अँटेना दोन्ही साधते.

चाळीस चॅनल आणि मधला बिंदू

१ जानेवारी १९७७ पासून चॅनलची संख्या २३ वरून ४० झाली. या बदलाचा अँटेनावर झालेला परिणाम लक्षणीय आहे. पूर्वीचा पट्टा २६.९६५ ते २७.२५५ मेगाहर्ट्झ होता. तो आता २७.४०५ पर्यंत, म्हणजे दीडपट रुंद झाला. आखूड अँटेनांना तो सांभाळणे अधिक कठीण गेले. मात्र ट्रकचालकांचे चॅनल १९ होते आणि त्याची वारंवारिता २७.१८५ मेगाहर्ट्झ. जुन्या पट्ट्यात हे चॅनल वरच्या टोकाकडे पडत असे. नव्या पट्ट्यात ते नेमके मध्यावर आले. चॅनल ९ आपत्कालीन संदेशांसाठी राखीव होते, ते एफसीसीच्या नियमाने. चॅनल १९ ची निवड कोणत्याही नियमाने केलेली नव्हती, ती चालकांच्या वहिवाटीने झाली होती. नव्या मांडणीमुळे पहिल्या व चाळिसाव्या चॅनलवर सारखा आकडा आणला की अँटेना आपोआप चॅनल १९ साठी जुळू लागली.

उत्तरकाळ

१९८३ मध्ये वैयक्तिक परवान्याची अट संपली. १९८५ मध्ये केनवर्थ कंपनीचा टी६०० हा वायुगतिशास्त्रानुसार घडवलेला ट्रक आला आणि हळूहळू आरशांचे नळीदार दांडे जाऊन त्यांच्या जागी प्लॅस्टिकची कवचे आली. भूसंपर्काचा प्रश्न नव्या रूपात उभा राहिला. ५५ मैलांची राष्ट्रीय मर्यादा १९८७ मध्ये शिथिल झाली आणि १९९५ मध्ये रद्द झाली. पुढे मोबाईल फोनने सीबीचे बरेचसे काम घेतले. तरी अनोळखी शेजारी चालकाला त्याचा क्रमांक ठाऊक नसताना हाक मारण्याची सोय फोनमध्ये नाही. २०२१ मध्ये एफसीसीने सीबीवर एफएम पद्धतीच्या प्रक्षेपणास मान्यता दिली. त्यासाठी संच नवा घ्यावा लागला. चॅनल, ४ वॅट आणि ११ मीटरची लहर तीच राहिल्याने नीट जुळवलेल्या अँटेनाला हात लावण्याचे कारण उरले नाही.