तळटीप : खरूज
१४. खरूज 'रक्त बिघडल्याने' होते ही लेखकाची समजूत तेव्हा घरोघरी होती. इटलीत बोनोमो आणि चेस्तोनी यांनी १६८७ मध्येच तिच्या किड्याचे सूक्ष्मदर्शकाखाली वर्णन केले होते. वैद्यकाने मात्र ते दीडशे वर्षे मनावर घेतले नाही. मादी कातडीत बोगदा करून अंडी घालते. बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर त्याच्या करड्या, नागमोडी रेघा दिसतात. खाज रात्री अधिक. पहिल्या लागणीत खाज सुटायलाच चार ते सहा आठवडे जातात, तोवर एका अंथरुणातली सगळी भावंडे खरजेच्या तावडीत सापडलेली असतात. आजीचे गंधकाचे मलम खोटे नव्हते, ते आजही वापरतात. पण ती ते एकट्या धाकट्यालाच चोळत राहिली. घरातल्या सर्वांना एकाच वेळी लावावे लागते.