बाटलींतलें भांडवल

उत्तम प्रतीचें फ्रेंच द्राक्षमद्य पिण्याकरितां नव्हे तर ठेवण्याकरितां विकत घेणारा एक वर्ग गेल्या अर्धशतकांत चांगलाच वाढला आहे. सोनें किंवा रोखे घेऊन ठेवावे तशा ही मंडळी बाटल्या घेऊन ठेवतात. या भांडवलास व्याज नाहीं, भाडें नाहीं; उलट थंड तळघराचा व विम्याचा खर्च मात्र आहे. नफा व्हावयाचा तो पुढच्या गिऱ्हाइकाच्या विश्वासावरच. आश्चर्य हें कीं, ज्या मद्यांना सर्वांत अधिक मोल येतें त्यांतील पुष्कळशीं मोठ्या कारखान्यांचीं नसून लहानसा मळा कसणाऱ्या कुटुंबांचीं आहेत.

हें कसें झालें तें बर्गंडी प्रांताच्या इतिहासांत दिसतें. १७८९ च्या राज्यक्रांतीपूर्वीं तेथील उत्तमोत्तम मळे मठांकडे व सरदारांकडे होते. क्रांतीनें ते जप्त करून विकले. पुढें १८०४ च्या नेपोलियनी कायद्यानें बापाची मिळकत सर्व मुलामुलींत समान वांटली जाऊं लागली. आपल्याकडील भाऊबंदकीच्या वांटण्या ज्यांनीं पाहिल्या आहेत त्यांस परिणाम सांगावयास नको. क्लो द वूजो हा पूर्वीं सिस्टर्शियन साधूंचा, एकाच भिंतीआडचा सुमारें ५० हेक्टरांचा मळा. आज त्याचे मालक ८० च्या आसपास आहेत.

असे तुकडे कसणारा शेतकरी आपलें मद्य पिंपांनिशीं व्यापाऱ्यास विकून टाकी, आणि व्यापारी तें इतरांच्या मालांत मिसळून स्वतःच्या नांवानें बाटल्यांत भरी. १९३० नंतरच्या दशकांत कांहीं कुटुंबांनीं हा क्रम मोडला व आपलें मद्य आपणच भरून आपल्या नांवानें विकण्यास आरंभ केला. त्यांपैकीं मोरे-सँ-दनी गांवचें पोन्सो घराणें एक. १८७२ पासून हें घराणें तेथें मळा राखून आहे. अशा घरांचा माल मुळांतच थोडा, त्यांतला बहुतेक पिऊन संपलेला. उरल्यासुरल्या बाटल्यांस लिलावांत अवाच्या सवा किंमत येऊं लागली, त्यांत नवल नाहीं.

परंतु या मालांत एक मोठी अडचण आहे. फाडल्यावांचून जिच्यावरची सही खरी कीं खोटी हें कळूं नये अशा हुंडीसारखी ही वस्तु आहे. बूच काढल्याखेरीज आंतील मद्याची पुरती परीक्षा नाहीं, आणि बूच काढलें कीं भांडवल बुडालें.

या अडचणीवरच रूडी कुर्नियावान या इसमानें अमेरिकेंत आपला धंदा उभारला. एप्रिल २००८ मध्यें न्यूयॉर्क येथील एका लिलावांत त्यानें पोन्सोंच्या नांवाच्या जुन्या बाटल्या ठेवल्या होत्या. यादींत १९४५ पासून १९७१ पर्यंतच्या ‘क्लो सँ-दनी’च्या बाटल्या होत्या, घराण्यानें त्या मळ्याचें मद्य पहिल्यानें काढलें तें १९८२ सालीं! दुसरी एक बाटली १९२९ ची. पोन्सो तर स्वतःच्या नांवानें बाटल्या भरूं लागले १९३४ पासून. ही बातमी कळतांच घराण्याचे तत्कालीन प्रमुख लोराँ पोन्सो यांनीं तो माल मागें घेण्याची मागणी केली आणि ते जातीनें न्यूयॉर्कला लिलावास हजर झाले. माल मागें घेतला गेला.

पोन्सो गप्प राहते तर त्यांची एक कवडीही गेली नसती. त्यांच्या नांवाचा भाव चढून उलट फायदाच झाला असता. म्हणून त्यांच्या या आग्रहाचें मोल आम्ही मोठें समजतों. पुढें मार्च २०१२ मध्यें कुर्नियावानच्या घरीं बनावट चिठ्ठ्यांचे गठ्ठे व बुचें सांपडलीं. २०१३ सालीं तो दोषी ठरला आणि २०१४ सालीं त्यास १० वर्षांची शिक्षा झाली.

या प्रकरणानंतर गिऱ्हाईक मद्याच्या चवीपूर्वीं बाटलीची वंशावळ विचारूं लागलें. रोमाने-कोंती हा जेमतेम १.८ हेक्टरांचा मळा. १९४५ सालीं त्याच्या अवघ्या ६०० बाटल्या निघाल्या. नंतर जुन्या वेली उपटून नव्या लावल्या, आणि १९५२ पर्यंत तेथलें मद्यच निघालें नाहीं. त्या ६०० पैकीं एक बाटली ऑक्टोबर २०१८ मध्यें न्यूयॉर्कला लिलावांत आली. ती बर्गंडींतील मद्यव्यापारी रोबेर द्रूआँ यांच्या खाजगी तळघरांतून थेट आलेली होती. लिलाव करणारांचा अंदाज फार तर ३२ हजार डॉलरांचा होता. ती ५ लक्ष ५८ हजारांस गेली.