वृश्चिकदंश : जुन्या बाडांतील उतारे व अलीकडील संशोधन

मराठवाड्यांतील जुन्या घरांतून जीं बाडें मिळतात, त्यांत विंचवाच्या उताऱ्याचें एखादें पान पुष्कळदां आढळतें. एकीकडे घरखर्चाचें टांचण, दुसरीकडे आरत्या व अभंग, आणि मध्येंच दोन-चार ओळींचा मंत्र, एखाद्या मुळीचा किंवा पाल्याचा प्रयोग व शेवटीं 'अनुभविक' असा शेरा, अशी त्या पानाची सामान्य घडण असते. संग्राहक तें 'संकीर्ण' या सदरांत घालतात, किंवा त्यास निरुपयोगी समजून सोडून देतात. हिंगोली जिल्ह्यांतील साखऱ्यासारख्या गांवांतून दप्तरें तपासणारांनीं असें करूं नये, एवढेंच सुचविण्याकरितां हा लेख आहे. या पानांचें मोल ठरविण्याचें साधन महाराष्ट्रांतच गेल्या पन्नास वर्षांत तयार झालें असून त्याचा इतिहास आमच्या वाचकांस परिचित असावयास हवा.

प्रथम प्राचीन आधार पाहूं. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानांत, आठव्या अध्यायांत, विंचवांचे मंदविष, मध्यविष व महाविष असे तीन वर्ग केले असून त्यांची संख्या अनुक्रमें १२, ३ व १५, मिळून ३० दिली आहे. पहिले शेण इत्यादि कुजण्यापासून, दुसरे लांकूड व विटा यांपासून आणि तिसरे सर्पाच्या कुजलेल्या देहापासून उत्पन्न होतात, ही त्यांतील उपपत्ति आज कोणी मानणार नाहीं. परंतु कांहीं विंचवांचा दंश केवळ वेदना देतो व कांहींचा शीघ्र प्राण घेतो, हा भेद ग्रंथकारानें स्पष्ट ओळखला होता. पैठणच्या एकनाथमहाराजांनीं सोळाव्या शतकांत विंचवाच्या दंशावर भारूड रचून कामक्रोधांचें रूपक बांधलें, तें श्रोत्यांस तात्काळ पटलें. वेदनेनें तळमळणारा माणूस व त्याचा उतारा, हे दोन्ही देखावे प्रत्येक गांवाच्या नित्य परिचयाचे होते, हें त्याचें कारण होय.

आतां मंत्राचा गुण येत असे, असें जें जुनीं पानें सांगतात, त्याचा उलगडा काय? आपल्याकडे दोन प्रकारचे विंचू लोकांच्या विशेष परिचयाचे आहेत. मोठी काळी इंगळी दिसावयास भयंकर, पण तिचें विष त्या मानानें सौम्य. उलट लहान, तांबूस विंचू दिसावयास क्षुद्र, पण घातक. कोंकण व मराठवाडा या दोन्ही भागांत तो आढळतो. त्यानें दंश केला तरीही प्रत्येक वेळीं विष शरीरभर पसरतेंच असें नाहीं. पुष्कळांस कांहीं तास ठणका लागतो व मग तो आपोआप ओसरतो. तेवढ्या अवधींत जो उपाय झाला, त्यास श्रेय मिळालें. लिहिणारा खोटें लिहीत नव्हता. जो वांचला त्याची नोंद बाडांत आली, जो दगावला त्याची आली नाहीं, आणि किती रुग्णांपैकीं किती वांचले हें सांगणारा रकानाच त्या पानांत नव्हता.

हा रकाना भरण्याचें काम पुढें डॉक्टरांनीं केलें. या दंशानंतर फुप्फुसांत पाणी भरून मृत्यु येतो, हें निरीक्षण डॉ. मुंडले यांनीं १९६१ सालीं ब्रिटिश मेडिकल जर्नल या नियतकालिकांत प्रसिद्ध केलें. त्यानंतरचें नांव डॉ. हिंमतराव बावस्कर यांचें. हे मूळचे मराठवाड्यांतील, जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यांतील देहेड गांवचे. नागपुरास वैद्यकीय शिक्षण घेऊन ते १९७६ सालीं महाडजवळ बिरवाडीच्या आरोग्यकेंद्रांत रुजू झाले. तो तेव्हांचा कुलाबा, म्हणजे आजचा रायगड जिल्हा. तेथें तांबड्या विंचवाच्या दंशानें लहान मुलें व धडधाकट शेतकरी डोळ्यांदेखत दगावत. डॉ. बावस्करांनीं रुग्णाच्या खाटेपाशीं बसून नाडी, रक्तदाब, घाम, वांती, हातापायांचा गारठा व श्वास यांच्या नोंदी ठेवल्या. कोणतीं लक्षणें दिसलीं असतां पुढें हृदय व फुप्फुसें धोक्यांत येतात, हें त्यांनीं त्यांवरून दाखविलें. हा निबंध १९८२ सालीं इंग्लंडांतील लॅन्सेट या नियतकालिकांत छापून आला. मोठ्या प्रयोगशाळेच्या साह्यावांचून, एका ग्रामीण दवाखान्यांतील टिपणांवर तो उभा होता, ही गोष्ट कागदपत्रांवर काम करणारांनीं लक्षांत ठेवण्याजोगी आहे.

या लक्षणांमागील कारण थोडक्यांत असें. विंचवाच्या विषांत अनेक लहान लहान प्रथिनें असतात. मज्जातंतूंच्या आवरणांत सोडियमचे कण आंत घेणारीं सूक्ष्म द्वारें असून तीं क्षणमात्र उघडून मिटत असतात. विषांतील कांहीं प्रथिनें त्यांस चिकटून तीं नीट मिटूं देत नाहींत. त्यामुळें मज्जातंतु अनावर होऊन ॲड्रिनलिन व नॉरॲड्रिनलिन हीं द्रव्यें रक्तांत लोटतात. रक्तवाहिन्यांवर 'आल्फा' नांवाचे ग्राहक रेणु असतात. हीं द्रव्यें त्यांवर बसलीं कीं वाहिन्या आवळतात, हातपाय गार पडतात, रक्तदाब चढतो, हृदय थकतें आणि रक्त मागें तुंबून फुप्फुसांत पाणी उतरतें. याच विषांतून १९९० सालीं आयबेरिओटॉक्सिन नांवाचें ३७ अमिनो आम्लांचें प्रथिन वेगळें करण्यांत आलें. तें पेशींच्या विशिष्ट पोटॅशियमद्वारांसच अडवितें, म्हणून तीं द्वारें कशीं चालतात याचा शोध घेण्यास शास्त्रज्ञ त्याचा उपयोग करतात.

रोगाची ही वाट कळल्यावर उपाय कोठें करावयाचा हेंही कळलें. पूर्वी घाम व लाळ थांबविण्याकरितां ॲट्रोपीन देत. त्यानें हृदयावरील भार उलट वाढे. डॉ. बावस्करांनीं रक्तवाहिन्या सैल करणारें सोडियम नायट्रोप्रुसाइड प्रथम वापरून पाहिलें. परंतु तें शिरेंतून थेंबाथेंबानें, अखंड नजर ठेवून द्यावें लागतें, आणि खेड्यांत तें कठीण. मग रक्तदाबावरील प्राझोसिन ही स्वस्त गोळी त्यांनीं निवडली. ती नेमकी त्या आल्फा ग्राहकांवर जाऊन बसते व ॲड्रिनलिनास तेथें जागा देत नाहीं. त्यांचा व त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांचा यावरील लेख १९८६ सालीं लॅन्सेटमध्येंच आला. त्यांनीं दिलेल्या आंकड्यांप्रमाणें, गंभीर रुग्णांत पूर्वी शेंकडा ३० च्या आसपास असलेलें मृत्यूचें प्रमाण या गोळीनंतर शेंकडा ४ च्या खालीं आलें. पुढें विंचवाच्या विषावरील प्रतिविषही उपलब्ध झालें. २०११ सालीं या दांपत्यानें ७० रुग्णांचे दोन समान गट करून त्याची परीक्षा प्रसिद्ध केली : प्राझोसिन व प्रतिविष दोन्ही दिलेल्या ३५ जणांपैकीं ३२ जण दहा तासांत पूर्ण बरे झाले; नुसतें प्राझोसिन दिलेल्या ३५ पैकीं ८. डॉ. बावस्करांस २०२२ सालीं पद्मश्री मिळाली.

आतां आमच्या कर्तव्याकडे वळूं. उताऱ्याचें पान हें औषध नव्हे, परंतु पुरावा आहे. त्यांत विंचवाचा रंग, दंशाची जागा, ऋतु, घाम किंवा वांती यांचा उल्लेख असेल, तर कोणत्या भागांत कोणता विंचू होता व लोकांनीं कोणतीं लक्षणें ओळखलीं होतीं, हें त्यावरून कळेल. म्हणून अशा पानांची नक्कल करतांना मंत्रापेक्षां या उल्लेखांकडे अधिक लक्ष द्यावें. शक, गांव व अक्षराचें वळण नोंदवावें. 'अनुभविक' हा शेरा जसाच्या तसा ठेवावा, पण तो आपण आपल्या नांवानें पुन्हां लिहूं नये. आपल्या छापील सूचींतून एखाद्यानें तो उपाय खरा मानला व त्यांत पहिले दोन-चार तास घालविले, तर त्याचा दोष जुन्या लेखकाचा नसून आपला असेल. दंशानंतर वांती, दरदरून घाम व गार हातपाय दिसतांच रुग्णास दवाखान्यांत नेणें, हाच मार्ग आहे.

दुसरें, ग्रामीण दवाखान्यांचीं रुग्णपत्रकें व दैनिक नोंदवह्या आज रद्दींत जात असतात. बिरवाडीच्या टिपणांनीं काय साधलें तें वर आलेंच आहे. पेशव्यांच्या दप्तराचा एखादा कागद सांपडावा म्हणून आपण गांवोगांव हिंडतों. तशीच या वह्यांचीही चौकशी करावी, आणि रुग्णांचीं नांवें गुप्त राखून त्या जतन करण्याची व्यवस्था करावी. कारण जुन्या बाडांत जो रकाना कोरा राहिला, तो याच वह्यांत भरलेला आहे.