सीईटीचे गुण कॉलेजला पाठवायचे नसतात, पसंतीक्रम मात्र जपून भरा

कुरखेडा : इंजिनिअरिंगसाठी सीईटीचे गुण कोणत्या कॉलेजला, केव्हा पाठवायचे, असे पालक विचारतात. ते पाठवावेच लागत नाहीत. गुण सीईटी सेलकडे असतातच. कॅपची नोंदणी अन् कागदपत्रांची तपासणी झाली की गुणवत्ता यादीत नाव येते.

खरी कसोटी पसंतीक्रमाची. २०२५-२६ पासून चार फेऱ्या आहेत. पहिल्या फेरीत पहिल्या क्रमांकाचे कॉलेज मिळाले तर ते घ्यावेच लागते. दुसऱ्या फेरीत पहिल्या तिनांपैकी, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांपैकी मिळाले तरी तसेच. सोडले तर पुढच्या फेरीत बसता येत नाही. मन नागपुरात, पण जवळ पडते म्हणून चंद्रपूरचे शासकीय अभियांत्रिकी पहिले लिहिले, तर मग हळहळून उपयोग नाही. मित्राची यादी पाहून भरणारे असेच फसतात.

फेऱ्या येतात नेमक्या रोवणीच्या दिवसांत. सारे घर बांधीत, मोबाईलला रेंज नाही, अन् तारीख निघून जाते. म्हणून नोंदणीत नेट कॅफेवाल्याचा नंबर टाकू नये, घरचाच टाकावा. ओटीपी त्यावरच येतो. आदिवासी विद्यार्थ्यांनी जात वैधतेचा अर्ज बारावीत असतानाच गडचिरोलीच्या समितीकडे करून ठेवावा.