इंटरनेटचा पत्तेबदल

सबंध संगणक-जाळ्याने एका ठरल्या तारखेला आपली बोली बदलली, असे इतिहासात एकदा घडले आहे. ती तारीख १ जानेवारी १९८३. अमेरिकी संरक्षण खात्याच्या पैशावर १९६९ पासून चाललेल्या अर्पानेटवर तेव्हा सुमारे चारशे संगणक होते आणि ते एनसीपी नावाच्या नियमावलीने एकमेकांशी बोलत. एका जाळ्यापुरते ते ठीक होते. पण निरनिराळी जाळी जोडायची, तर कुठूनही ओळखता येईल असा पत्ता प्रत्येक संगणकाला हवा. व्हिंट सर्फ आणि बॉब कान यांनी १९७४ मध्ये मांडलेल्या कल्पनेतून टीसीपी/आयपी ही नवी नियमावली घडली. जॉन पोस्टेल यांनी नोव्हेंबर १९८१ मध्ये बदलाचा आराखडा लिहून काढला.

मुदत दिली की कामे होतात, हा भ्रम तिकडेही टिकला नाही. १९८२ च्या मध्यावर जुनी व्यवस्था मुद्दाम एक दिवस बंद ठेवण्यात आली, पुढे पुन्हा दोन दिवस. टंगळमंगळ करणाऱ्यांचे संगणक मुके झाले, तेव्हा कुठे हालचाल सुरू झाली. तरीही मागे राहिलेल्यांची रडकथा १९८३ चे पहिले काही महिने चालूच होती. या बदलातून आपण जिवंत बाहेर पडलो, असे सांगणारे बिल्लेसुद्धा तेव्हा निघाले!

नवा पत्ता ३२ बिटांचा, म्हणजे शून्य आणि एक यांच्या ३२ घरांचा. त्यातून सुमारे ४२९ कोटी पत्ते होतात. सर्फ यांनीच पुढे सांगितले आहे, की १९७७ मध्ये हा आकडा ठरवताना आपण एक प्रयोग करीत आहोत एवढीच त्यांची समजूत होती. प्रयोग संपलाच नाही. जगाने त्यावर संसार थाटला. पत्ते अपुरे पडणार हे दिसू लागल्यावर डिसेंबर १९९५ मध्ये १२८ बिटांचा नवा पत्ता, आयपीव्ही६, जाहीर झाला. ३ फेब्रुवारी २०११ रोजी जुन्या पत्त्यांचा मध्यवर्ती साठा वाटून संपला.

मग या वेळी तारीख का ठरली नाही? एक तर आता जाळ्याला धनी नव्हता. बंद करून धडा शिकवणार कोण? शिवाय १९९४ पासून एक पळवाट रुळली होती. वाड्याला घर-क्रमांक एकच, आत बिऱ्हाडे वीस, आणि कुणाचे पत्र कुणाला द्यायचे याची वही मालकाकडे. तसा एक पत्ता शेकडो संगणकांत वाटला जाऊ लागला. बाहेरच्याला आतल्या बिऱ्हाडाचे दार थेट ठोठावता येत नाही, ही अडचण लोकांनी चालवून घेतली. त्यातच जुना आणि नवा पत्ता एकमेकांना थेट समजत नाहीत. म्हणून संगणकांना दोन्ही बोली शिकवाव्या लागल्या, किंवा मध्ये दुभाषी बसवावा लागला. आपल्या दुभाषिक जिल्ह्यांत दोन लिप्यांच्या पाट्या वाचणाऱ्यांना यात नवल वाटू नये.

भारताला मात्र उशिरा येण्याचा फायदा झाला. २०१६ मध्ये जिओने नवे जाळे उभारतानाच नवे पत्ते घेतले, आणि आज या बाबतीत आपण जगाच्या सरासरीच्या बरेच पुढे आहोत. जुन्या पत्त्यांना मात्र जमिनीसारखा भाव आला. २०११ मध्ये दिवाळखोर नॉर्टेल कंपनीचे ६,६६,६२४ पत्ते मायक्रोसॉफ्टने ७५ लाख डॉलरना विकत घेतले.