मधल्या वेळचे खाणे आणि वजन-नियंत्रण (सातारा-सांगली)

मधल्या वेळचे खाणे : दोन मुख्य जेवणांच्या मध्ये भुकेपोटी किंवा सवयीने होणारा अल्पाहार. वजन उतरवू पाहणाऱ्याने तो कसा निवडावा, याचा विचार येथे सातारा व सांगली जिल्ह्यांतील पदार्थांच्या आधाराने केला आहे. सांगलीचे भडंग, तासगावचा बेदाणा, साताऱ्याचे कंदी पेढे, माण-खटाव-जतकडचा शाळूचा हुरडा व लाह्या, भुईमुगाच्या शेंगा, महाबळेश्वर-पाचगणीची स्ट्रॉबेरी अशी या भागात खाण्याची वानवा नाही. पदार्थ गोड की तिखट, घरचा की दुकानातला, यावरच त्याची पारख केली तर फसगत होते. त्यात पाणी किती उरले आहे, तेल-साखर किती शिरली आहे आणि तो संपवायला किती वेळ लागतो, या तीन गोष्टी आधी पाहाव्यात.

पाण्याचा मुद्दा द्राक्ष आणि बेदाण्यावरून चटकन कळतो. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तो करताना द्राक्षे पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवतात, त्यामुळे सालीवरचा मेणचट थर सैल होतो. मग शेडमधल्या जाळ्यांवर ती पसरून वाऱ्यावर सुकवतात. सुमारे ४ किलो द्राक्षांचा १ किलो बेदाणा होतो. पाणी उडते, साखर मात्र जागच्या जागी राहते. म्हणून १०० ग्रॅम द्राक्षांत सुमारे ७० किलोकॅलरी असतात, तर तेवढ्याच बेदाण्यात सुमारे ३००. पंचवीस ग्रॅम बेदाणा चिमटी-चिमटीने कधी संपला ते कळत नाही. तेवढ्याच उष्मांकांची द्राक्षे वाटीभर होतात आणि एकेक करून खावी लागतात. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठात बार्बरा रोल्स यांनी केलेल्या प्रयोगांतून असे दिसले, की माणूस साधारणपणे ठरावीक वजनाचे अन्न खाऊन थांबतो, त्यातले उष्मांक तो मोजत नसतो. पाणीदार अन्नाने त्यामुळे कमी उष्मांकांत पोट भरते. बेदाणा वाईट ठरतो असा याचा अर्थ नाही. तो मूठभर न घेता दहा-बारा दाणे घ्यावा, आणि हंगामात द्राक्षेच खावीत. स्ट्रॉबेरीत तर १०० ग्रॅममागे जेमतेम ३२ किलोकॅलरी असतात. तिचा जॅम किंवा क्रश झाला की हिशेब पालटतो.

भडंगाची गोष्ट निराळी आहे. चुरमुरा हाताला हलका लागतो म्हणून भडंग हे वजनाला चालणारे खाणे मानले जाते. पण कढईत तेल तापवून ठेचलेला लसूण, कढीपत्ता आणि शेंगदाणे तळतात, तिखट-मीठ आणि पुष्कळदा पिठीसाखर घालून त्यात चुरमुरे परततात, तेव्हा ते तेल चुरमुऱ्यांनाच लागून राहते. एका वाटणीला ३० ग्रॅम चुरमुरे, दोन चहाचे चमचे तेल आणि १५ ग्रॅम शेंगदाणे धरले तर अनुक्रमे ११०, ९० आणि ८५, म्हणजे एकूण सुमारे २८५ किलोकॅलरी होतात. निम्म्याहून अधिक वाटा तेल-दाण्यांचा. तेवढेच चुरमुरे अर्धा चमचा तेलावर परतून त्यात कांदा, काकडी, टोमॅटो आणि मोड आलेली मटकी घातली, तर ताट मोठे दिसते आणि उष्मांक बरेच उतरतात. शेंगांबाबतही हेच. भाजलेल्या दाण्यांत १०० ग्रॅममागे सुमारे ५७०, तर उकडलेल्यांत सुमारे ३२० किलोकॅलरी असतात, कारण उकडताना दाणा पाणी धरतो. शिवाय शेंग सोलावी लागते. हात रेंगाळतो आणि पोटाला आपले म्हणणे मांडायला अवधी मिळतो. भाजलेल्या फुटाण्यांत १०० ग्रॅममागे सुमारे २२ ग्रॅम प्रथिने असल्याने त्यांची मूठ बराच वेळ टिकते.

यावर पहिला आक्षेप असा, की मधे काही खाऊच नये. डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारावर उभी असलेली डॉ. जगन्नाथ दीक्षित यांची दिवसातून दोनदाच जेवण्याची पद्धत महाराष्ट्रात घरोघरी पोचली आहे. दुसरीकडे ऋजुता दिवेकर थोड्या थोड्या वेळाने खायला सांगतात. दोन्हींचे अनुभव सांगणारे पुष्कळ आहेत. मात्र दिवसभराचे उष्मांक सारखे ठेवून झालेल्या चाचण्यांत किती वेळा खाल्ले यामुळे वजनात ठळक फरक पडलेला दिसत नाही. तेव्हा ज्याला दोन जेवणांवर निभावता येते त्याने खुशाल निभवावे. ज्याला संध्याकाळी पाचला कडकडून भूक लागते आणि रात्री दुप्पट जेवण जाते, त्याच्यासाठी ताक आणि मूठभर फुटाणे ही शिस्तच आहे. दुसरा आक्षेप गुळाचा. रसायनविरहित गूळ साखरेहून बरा, असे ऊसपट्ट्यात ठामपणे म्हटले जाते. चव आणि थोडी खनिजे त्यात आहेत, पण उष्मांक साखरेच्या जवळपासच. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांची २०२४ची मार्गदर्शक तत्त्वेही साखर मर्यादित ठेवायला सांगतात. कंदी पेढा प्रसादाचा, आनंदाचा. तो एक घेऊन जेवणाच्या हिशेबात धरावा, रोजच्या भुकेचा उपाय करू नये.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : हे सारे सुखवस्तूंचे चोचले नाहीत का? पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनाने दाखवले, की बारीक दिसणाऱ्या भारतीयांच्या अंगीही चरबी जास्त आणि स्नायू कमी असू शकतात. म्हणून आशियाई लोकांत शरीरवस्तुमान निर्देशांक २३ झाला की सावध व्हावे, असे धरतात. म्हणजे प्रश्न श्रीमंतांपुरता नाही. तरीही ऊसतोडीला आलेल्या मजुराला किंवा अशक्त गर्भवतीला हा सल्ला लागू पडत नाही. त्यांना दाणे आणि गूळ भरपूर मिळणे हीच गरज आहे. मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी खाण्याच्या वेळा डॉक्टरांशी बोलूनच बदलाव्यात. इतरांना महागडी ‘डाएट’ची पाकिटे आणावी लागत नाहीत. उकडलेल्या शेंगा, फुटाणे, ताक आणि हंगामी फळ आठवडी बाजारात मिळते. ते वाटीत मोजून, बसून, चावून खाल्ले की पुरते.