नावेची प्रतिकृती: संगणकावरील आराखड्यासाठी कोणते सॉफ्टवेअर?

भंडारा हा तलावांचा जिल्हा. लाखांदूर तालुक्यातील दिघोरीच्या परिसरात डोंगा म्हणजे काय, हे कोणाला सांगावे लागत नाही. ढिवर समाजाच्या मासेमारीशी तो पिढ्यान्‌पिढ्या जोडलेला आहे. अशा डोंग्याची किंवा फळ्यांच्या नावेची, पाण्यावर खरोखर तरंगणारी प्रतिकृती करू पाहणारे हौशी कारागीर असोत, की राष्ट्रीय छात्रसेनेच्या नौदल विभागातील जहाज-प्रतिकृती स्पर्धेची तयारी करणारे छात्र. आराखड्यासाठी कोणते सॉफ्टवेअर घ्यावे, हा प्रश्न सर्वांनाच पडतो. केवळ महागडे घेतल्याने नाव तरंगत नाही.

‘कॅड’ प्रकारातील बहुतेक सॉफ्टवेअर इमारती आणि यंत्रांचे सुटे भाग डोळ्यांपुढे ठेवून घडविलेली आहेत. नावेचे कवच मात्र लांबीतही वळते आणि रुंदीतही. ‘टिंकरकॅड’ विनामूल्य आहे, ब्राउझरमध्ये चालते आणि शाळकरी मुलालाही तासाभरात जमते. पण ठोकळे जोडून कवचाची सलग वळणे साधत नाहीत. सुकाणू किंवा केबिन यांसाठी ते उत्तम. ‘स्केचअप’च्या विनामूल्य वेब आवृत्तीबद्दलही जवळपास हेच म्हणता येईल.

नावेसाठीच बनविलेले सॉफ्टवेअर घेणे अधिक शहाणपणाचे. नेदरलँड्समध्ये तयार झालेले ‘फ्री!शिप’ मुक्तस्रोत आहे, आणि त्यातूनच पुढे ‘डेल्फ्टशिप’ आले. त्याचीही विनामूल्य आवृत्ती मिळते. पडद्यावरील जाळीचे बिंदू ओढले की कवच वळते, आणि आडवे-उभे छेद लगेच पाहता येतात. एकदा संगणकावर उतरवून घेतल्यावर इंटरनेटची जोडणी खंडित झाली तरी काम अडत नाही. खेडेगावात ही सोय लहान नव्हे.

या दोहोंचा खरा उपयोग मात्र चित्रापेक्षा हिशेबात आहे. नाव किती बुडाली म्हणजे किती वजन पेलेल, हे ती सांगतात. समजा, मूळ नाव ६ मीटर लांब असून माणसांसह तिचे वजन ३०० किलो आहे. एकास दहा प्रमाणाची प्रतिकृती ६० सेंटीमीटर लांबीची होईल, पण वजन दहापट नव्हे तर हजारपट घटेल: अवघे ३०० ग्रॅम! लाकूड, मोटार आणि बॅटरी एवढ्यातच बसवावी लागते. अनेक प्रतिकृती काठाशीच बुडतात, त्या इथेच. हे सॉफ्टवेअर वजन टनांत दाखविते, आणि ३०० ग्रॅम म्हणजे ०.०००३ टन. एवढा आकडा नीट दिसणेही कठीण. म्हणून आराखडा मूळ नावेच्या मापाने काढावा आणि छपाईच्या वेळी लहान करावा. समुद्राच्या पाण्याची घनता १.०२५ धरतात, तलावाच्या पाण्याची साधारण १. तो आकडाही तपासून घ्यावा.

फळ्यांची नाव करायची असेल, तर कवचाचा सपाट उलगडा मिळणे महत्त्वाचे, आणि ‘फ्री!शिप’ तो काढून देते. डोंगा मात्र कोरलेला असतो. त्याला उलगडा नको. लाकडाच्या जाडीएवढ्या अंतराने आडवे छेद घ्यावेत, त्या आकाराचे थर कापून एकमेकांवर चिकटवावेत आणि कडा तासून काढाव्यात.

फासळ्यांच्या रेषा नीटनेटक्या करण्यासाठी ‘लिब्रेकॅड’ पुरेसे आहे. ‘फ्रीकॅड’ अधिक समर्थ, तेही मोफत. मात्र शिकायला काही आठवडे द्यावे लागतील. ‘फ्यूजन’ वैयक्तिक वापरासाठी विनामूल्य मिळते, पण मर्यादांसह. जहाजबांधणी व्यवसायात नावाजलेले ‘ऱ्हायनो’ हजारो रुपयांचे आहे; दरवर्षी भाडे मात्र नाही, आणि ९० दिवस ते पूर्ण क्षमतेने वापरून पाहता येते. एका प्रतिकृतीला तेवढे दिवस पुरतात, असे आमचे मत.

आराखड्यातील रेषा कवचाच्या बाहेरच्या पृष्ठभागाची असते. आवरण २ मिलिमीटरचे असेल, तर फासळी तेवढी आत घेऊन कापावी. छापताना ‘पानात बसवा’ हा पर्याय बंद ठेवावा. सोबत १० सेंटीमीटरची रेषा छापून ती पट्टीने मोजावी, आणि मगच लाकडाला करवत लावावी.